दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये ईटीसीओटू चढतो आणि पोटॅशियम हलतं: दोष कुठे शोधायचा

भूल देणाऱ्या सहकाऱ्यांचा फोन बहुतेक वेळा असाच येतो. "मॅडम, लॅप कोले चालू आहे, पाऊण तास झाला. ईटीसीओटू ३४ वरून ५० वर गेलाय. एबीजी केलं तर पोटॅशियम ५.९. गॅसमुळेच असेल ना?" लॅप कोले म्हणजे दुर्बिणीतून पित्ताशय काढणं, ईटीसीओटू म्हणजे सोडलेल्या श्वासाच्या शेवटी मोजलेला कार्बन डायऑक्साइड, आणि एबीजी म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी. मागे मॉनिटरचा आवाज ऐकू येतो आणि सर्जन विचारत असतात, पुढे जाऊ की थांबू. पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच गावाहून फोन: "पोटॅशियम ३.० आलंय, एक्टोपिक्स पडताहेत, केसीएल लावू का?"

एक्टोपिक्स म्हणजे हृदयाचे अवेळी पडणारे ठोके, केसीएल म्हणजे शिरेतून द्यायचं पोटॅशियम क्लोराइड. दोन्ही वेळा मी एकच गोष्ट सांगते. आकड्याला औषध देऊ नकोस, आधी आकडा कुठून आला ते बघ. "गॅसमुळे पोटॅशियम वाढलं" हे वाक्य आपल्या ओटीत इतकं रुळलंय की ते बोललं की शोध थांबतो. माझा अनुभव असा की ते वाक्य बहुतेक वेळा अपुरं असतं, आणि कधीकधी धोकादायकही. हे सगळं एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं, कारण तालुक्याच्या गावी एकट्याने भूल देणाऱ्याला त्या क्षणी विचारायला शेजारी कुणी नसतं.

गॅस एकटा किती करू शकतो, त्याचा हिशेब

पोट फुगवायला आपण कार्बन डायऑक्साइड वापरतो तो दोन कारणांसाठी. कॉटरीच्या ठिणगीने तो पेटत नाही, आणि रक्तात चटकन विरघळून फुफ्फुसांवाटे बाहेर पडतो, त्यामुळे चुकून रक्तवाहिनीत शिरला तरी हवेपेक्षा कमी घातक. पण चटकन विरघळतो म्हणजेच पोटाच्या पडद्यातून तो सतत रक्तात येत राहतो. पोटातला दाब पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटरवर ठेवला की साधारण पहिल्या १५ ते ३० मिनिटांत ईटीसीओटू चढतो आणि मग सपाट होतो. मिनिट व्हेंटिलेशन (मिनिटाला फुफ्फुसांत जाणारी एकूण हवा) २० ते ३० टक्क्यांनी वाढवलं की बहुतेक पेशंट जागेवर येतात. इथपर्यंत सगळं अपेक्षित.

आता पोटॅशियम. समजा रक्तातला कार्बन डायऑक्साइड ४० वरून ६० वर गेला. झटपट झालेल्या वाढीत दर १० मिलिमीटरला पीएच साधारण ०.०८ ने उतरतो, म्हणजे ७.४० चा ७.२४ झाला. श्वसनाच्या आम्लतेत पीएच ०.१ ने उतरला तर पोटॅशियम जेमतेम ०.१ ने चढतं. म्हणजे ४.० चं ४.२, फार तर थोडं अधिक. एमबीबीएसला आपण सगळ्यांनी "०.१ ला ०.६" पाठ केलंय, पण तो आकडा खनिज आम्लामुळे होणाऱ्या चयापचयाच्या आम्लतेचा आहे. तो इथे लावला की ५.९ सहज "समजून" जातं आणि खरं कारण निसटतं.

अपवाद आहेत. चार-पाच तास चालणारी, डोकं खाली ठेवून होणारी रोबोटिक प्रोस्टेटची ऑपरेशनं घ्या. पोटातल्या दाबामुळे किडनीचा रक्तपुरवठा घटतो, लघवी कमी होते, आणि आम्लता तासन् तास टिकते. तिथे पोटॅशियम हळूहळू सरकलेलं दिसतं. पण पाऊण तासाच्या पित्ताशयात ५.९ आलं, तर ते एकट्या गॅसच्या माथी मारता येत नाही. दुसरं काहीतरी आहे, आणि ते शोधायलाच हवं.

आधी मशीन, मग पेशंट

ईटीसीओटू वाढला की माझी नजर आकड्यावर न जाता मॉनिटरवरच्या त्याच्या लाटेच्या तळाकडे जाते. श्वास आत घेताना रेष शून्यावर टेकते का? टेकत नसेल तर पेशंट स्वतःच सोडलेला गॅस परत ओढतोय. सोडा लाइम (मशीनमधला कार्बन डायऑक्साइड शोषणारा चुना) संपलाय किंवा व्हॉल्व्ह अडकलाय. फ्रेश गॅस फ्लो वाढवून बघा. तळ खाली आला तर दोष बहुधा सोडा लाइमचा. रंगावर पूर्ण भरवसा ठेवू नका: दिवसभर वापरलेला चुना रात्रभर पडून राहिला की सकाळी पुन्हा ताजा दिसू शकतो, आणि पहिल्याच केसला अर्ध्या तासात दम टाकतो. आमच्याकडे डब्यावर भरल्याची तारीख लिहायला लागल्यापासून हा घोळ जवळजवळ बंद झाला.

तळ शून्यावर आहे, मग खऱ्या वाढीचा विचार. इथे एक सावधगिरी. ईटीसीओटू आणि धमनीतला कार्बन डायऑक्साइड यांत निरोगी माणसात ३ ते ५ चा फरक असतो. पण तीस वर्षं विडी ओढलेल्या आजोबांमध्ये तो १५ असू शकतो. मॉनिटरवर ४० दिसतंय आणि रक्तात ५५ आहे, असं होतं. अशा पेशंटचं गॅस सुरू होण्याआधी एक आणि सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने एक एबीजी करून ठेवलं की त्याचा स्वतःचा फरक कळतो आणि पुढे मॉनिटर वाचणं सोपं जातं.

सपाट झाल्यावर पुन्हा चढायला लागला तर

ही खूण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पहिल्या अर्ध्या तासातली चढण नेहमीची. पण एकदा ४० वर स्थिर झालेला आकडा तासाभराने पुन्हा ४५, ५०, ५५ असा चढू लागला, तर गॅस पोटाबाहेर कुठेतरी शिरतोय असं समजून शोध घ्यायचा.

गेल्या पावसाळ्यात एका छोट्या हॉस्पिटलमध्ये टीईपी, म्हणजे पोटाच्या पडद्याबाहेरून दुर्बिणीने केलेलं हर्नियाचं ऑपरेशन, चालू होतं. साठीचे शेतकरी काका, बीपीची गोळी चालू, बाकी ठणठणीत. टीईपीमध्ये गॅस पोटाच्या पडद्याबाहेर, उतींच्या थरांत भरला जातो, त्यामुळे शोषणही जास्त आणि पसरायला वाटही मोकळी. पन्नासाव्या मिनिटाला ईटीसीओटू ४१, सत्तराव्याला ५४. मशीनचा श्वासांचा रेट वाढवला, तरी उतरेना. मी ड्रेपखाली हात घातला आणि कॉलरबोनच्या वर बोटांनी हलकं दाबलं. बोटाखाली चिरमुरे दाबल्यासारखी कुरकुर, म्हणजे त्वचेखाली साठलेला गॅस, एम्फिसेमा. मानेपर्यंत आलेली. गाल तेवढे मऊ होते.

सर्जनना म्हटलं, "सर, गळ्यापर्यंत एम्फिसेमा आहे, दाब १० वर आणाल का? आणि पोर्ट एकदा बघा." त्यांनी ताबडतोब गॅस भरणारा इन्सफ्लेटर थांबवला. वरचा पोर्ट (उपकरणं आत घालायची नळी) थोडा बाहेर सरकला होता आणि गॅस थेट त्वचेखाली जात होता. पोर्ट नीट बसवून, १० च्या दाबावर वीस मिनिटांत काम संपलं. पण ईटीसीओटू लगेच उतरला नाही, कारण त्वचेखाली साठलेला गॅस अजून रक्तात येतच होता. म्हणून ट्यूब काढायची घाई केली नाही. काका पूर्ण शुद्धीवर येऊन स्वतः जोरात श्वास घेईपर्यंत आणि आकडा ४५ च्या खाली येईपर्यंत चाळीस मिनिटं थांबलो. या केसच्या पोटॅशियमचीही एक गोष्ट आहे, ती पुढे सांगते.

एम्फिसेमा सापडला की छातीही ऐका. एका बाजूचा आवाज कमी, एअरवे प्रेशर वाढलेलं आणि सॅच्युरेशन उतरतंय, तर छातीत गॅस शिरलाय किंवा ट्यूब उजव्या बाजूला सरकलीय. पोट फुगवलं की श्वासनलिकेचा फाटा वर सरकतो, ट्यूब मात्र तोंडाशी बांधलेली असते, त्यामुळे ती आपोआप खोल जाते. ट्यूब मागे घेऊन सुटलं तर उत्तम. न सुटता बीपी पडायला लागलं तर पोटातला गॅस बाहेर सोडायला सांगून छातीचा विचार करायचा. आणि ईटीसीओटू चढण्याऐवजी एकाएकी कोसळला, सोबत बीपीही कोसळलं, तर तो गॅस एम्बोलिझम (रक्तवाहिनीत शिरलेला गॅस) समजून तिथेच सगळं थांबवा. त्यावर इथे अधिक लिहीत नाही, तो वेगळाच विषय आहे.

दोन्ही एकाच कारणाने वाढतात असा एक प्रसंग

मॅलिग्नंट हायपरथर्मिया (भुलेच्या काही औषधांमुळे स्नायूंचा चयापचय बेफाम वाढणं) दुर्मीळ आहे, पण "लॅप आहे, गॅसमुळे होतंय" या समजुतीखाली तो अगदी सहज लपतो. व्हेंटिलेशन दुप्पट केलं तरी ईटीसीओटू थांबत नाही, नाडी १३०, जबडा किंवा पाय कडक, सोडा लाइमचा डबा हाताला गरम लागतो, आणि पोटॅशियम खरोखरच वाढलेलं. ताप बऱ्याचदा उशिरा येतो, त्याची वाट बघू नका. सेव्हो किंवा आयसो हे भुलेचे वायू बंद, फ्लो पूर्ण उघडा, शंभर टक्के ऑक्सिजन, भूल शिरेतून, आणि डँट्रोलिन किलोला २.५ मिलिग्रॅम. ते औषध तुमच्या जवळ कुठे मिळतं, कुणाला फोन करायचा, हे आजच माहीत करून घ्या. केस चालू असताना ते शोधण्याइतका वेळ मिळत नाही.

पोटॅशियम: सॅम्पलपासून सुरुवात

आता त्या काकांकडे येते. त्वचेखालचा गॅस सापडला त्याच सुमारास मी सॅम्पल पाठवलं होतं. एबीजी मशीन तिथे नव्हतं, रक्त मोटरसायकलवरून लॅबला जातं. पंचवीस मिनिटांत फोन: "मॅडम, पोटॅशियम ६.८." सिस्टरचा चेहरा उतरला. मॉनिटरवरची ईसीजीची टी लाट मात्र सुरुवातीच्या पट्टीसारखीच होती. मी प्रत्येक लॅपला गॅस सुरू करण्याआधी ईसीजीच्या लीड टूची एक पट्टी प्रिंट काढून चार्टला चिकटवते, ती अशा वेळी कामाला येते. नॉर्मल ईसीजीमुळे पोटॅशियम वाढलेलं नाही असं सिद्ध होत नाही, हे खरं. पण ६.८ आणि दोन पट्ट्यांत काडीचा फरक नाही, म्हटल्यावर मी लॅबला विचारलं, "सीरम कसा दिसतोय?" पलीकडून उत्तर आलं, "गुलाबी आहे."

झालं असं होतं की काकांची शीर मिळत नव्हती. बारीक सुईने, टर्निके घट्ट बांधून, जोर लावून ओढलेलं रक्त सुईसकट बाटलीच्या रबरातून दाबून भरलं होतं. पेशी फुटल्या, पेशींतलं पोटॅशियम सीरममध्ये आलं. शरीरातलं जवळजवळ ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आतच असतं, त्यामुळे थोड्या पेशी फुटल्या तरी आकडा भलताच फुगतो. मी रेडियल धमनीतून सावकाश पुन्हा रक्त काढलं, सुई काढून, झाकण उघडून बाटलीच्या कडेने ओघळू दिलं. दुसरा रिपोर्ट ४.४. पहिल्या आकड्यावर विश्वास ठेवून इन्शुलिन दिलं असतं तर भुलेत असलेल्या माणसाची साखर आणि पोटॅशियम दोन्ही खाली गेली असती.

या एकाच पायरीवर इतके दोष होतात की थोडं थांबून लिहिते. जांभळ्या झाकणाच्या बाटलीतलं रक्त दुसऱ्या बाटलीत ओतलं, की त्यातल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू नये म्हणून घातलेलं पोटॅशियमयुक्त रसायन) पोटॅशियम प्रचंड वाढतं आणि कॅल्शियम एकदम खाली जातं. ही जोडी दिसली की कुणी काय ओतलं ते विचारा. ज्या हातात सलाइन चालू आहे त्याच हातातून, ड्रिपच्या वरून रक्त घेतलं तर पोटॅशियम पातळ होऊन कमी येतं, आणि त्या सलाइनमध्ये केसीएल असेल तर भयंकर जास्त येतं. एबीजीच्या सिरिंजमध्ये हेपॅरिन फक्त आतून ओलं होईल इतकंच ठेवा. पाव सीसी तसंच राहिलं तर कार्बन डायऑक्साइड, पोटॅशियम आणि कॅल्शियम सगळेच खोटे कमी येतात. हवेचा बुडबुडा लगेच काढा. रक्त लॅबला उशिरा पोचणार म्हणून सेंट्रिफ्यूजमध्ये न फिरवलेली बाटली बर्फात ठेवली जाते, त्यानेही पोटॅशियम वाढतं, कारण थंडीत पेशींचा पंप मंदावतो आणि आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. शिवाय, एबीजी मशीनला संपूर्ण रक्त दिलेलं असतं, त्यामुळे बहुतेक मशीनवर पेशी फुटल्याचं कळतच नाही. तिथे ६ आलं तर तेच रक्त फिरवून डोळ्यांनी बघा, किंवा सरळ नवं सॅम्पल घ्या.

खरंच वाढलेलं असेल तर

दुसऱ्या सॅम्पललाही ६ आलं, किंवा टी लाट टोकदार झाली, पीआर लांबला, क्यूआरएस रुंद झाला, तर वाट बघू नका. सर्जनला गॅस सोडायला सांगा. दहा टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट १० सीसी काही मिनिटांत सावकाश, ईसीजी बघत. त्याने पोटॅशियम कमी होत नाही, हृदयाला अर्धा-एक तासाचं संरक्षण मिळतं. मग साधं इन्शुलिन १० युनिट आणि २५ ग्रॅम डेक्स्ट्रोज, आणि पुढचे काही तास साखर वारंवार तपासायची. भुलेत असलेला पेशंट साखर उतरल्याचं सांगू शकत नाही. साल्ब्युटामॉल सर्किटमधून देता येतं. व्हेंटिलेशन वाढवा.

सोडा बायकार्बबद्दल माझं ठाम मत आहे. आम्लता श्वसनाची असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. बायकार्बचं शेवटी कार्बन डायऑक्साइडच होतं, आणि तोच तर आपण बाहेर काढू शकत नाही आहोत. चयापचयाची आम्लता सोबत असेल आणि व्हेंटिलेशन पुरेसं असेल तरच त्याचा विचार. आणि कॅल्शियम गेलेल्या लाइनमधून लगेच बायकार्ब देऊ नका, लाइनमध्ये चुना बसतो.

कारण शोधताना मी प्रथम किडनीकडे आणि गोळ्यांकडे बघते. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन, बीटा ब्लॉकर. स्नायू सैल करणाऱ्या सक्सिनिलकोलीनने पोटॅशियम अर्धा ते एक वाढतं, ते ट्यूब टाकताना दिलं होतं का? मधुमेही पेशंटने उपाशी असल्याने सकाळचं इन्शुलिन पूर्ण टाळलं का? आणि एक प्रश्न मी प्रत्येक बीपीच्या पेशंटला आदल्या दिवशी विचारते: घरात मीठ कोणतं आहे? "डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय म्हणून आम्ही कमी सोडियमचं आणतो," असं अभिमानाने सांगतात. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. किडनी अशक्त असेल, त्यावर स्पायरोनोलॅक्टोन आणि शक्ती यावी म्हणून रोज दोन शहाळी, तर पोटात गॅस जाण्याआधीच पोटॅशियम ५.४ असतं. हे आधी कळलं तर ऑपरेशन दोन दिवस पुढे ढकलून सोडवता येतं.

सलाइनबद्दलही एक समज बदलायला हवा. किडनीच्या पेशंटला रिंगर लॅक्टेट नको, त्यात पोटॅशियम असतं, म्हणून लिटरच्या लिटर नॉर्मल सलाइन दिलं जातं. रिंगरमध्ये लिटरला फक्त ४ असतं, रक्ताइतकंच. भरपूर नॉर्मल सलाइनने मात्र क्लोराइड वाढून आम्लता होते आणि पोटॅशियम पेशींतून बाहेर येतं.

कमी आलं तर केसीएलकडे हात जाण्याआधी

हा दोष आपण स्वतः तयार करतो. ईटीसीओटू चढला म्हणून श्वासांचा रेट मिनिटाला २२ केला. काम संपलं, गॅस सोडला, आता शोषण थांबलं, पण मशीन २२ वरच राहिलं. दहा मिनिटांत ईटीसीओटू २६. रक्त अल्कलीकडे झुकतं आणि पोटॅशियम पेशींत शिरतं. त्यात पेशंट क्लोरथॅलिडोनवर असेल, आतडं साफ करायचं औषध आदल्या रात्री घेतलेलं असेल, किंवा नुकतंच साल्ब्युटामॉल दिलं असेल, तर ३.० येतं आणि एक्टोपिक्स सुरू होतात. जुनाट श्वसनविकाराच्या पेशंटला याचा धोका सगळ्यांत जास्त. त्याच्या शरीराने वर्षानुवर्षं बायकार्ब साठवलेलं असतं, त्याचा नेहमीचा कार्बन डायऑक्साइड ५५ असतो. तो ३५ वर आणणं ही त्याच्यासाठी दुरुस्ती नव्हे. त्याच्या नेहमीच्या आकड्यापर्यंतच आणा.

म्हणून आधी रेट कमी करा, ईटीसीओटू सावकाश वर येऊ द्या, मग पुन्हा रक्त घ्या. बऱ्याचदा तेवढ्यावर आकडा ३.४, ३.५ होतो. उलट घाईने केसीएल दिलं आणि मागोमाग कार्बन डायऑक्साइड वाढला, तर पेशींतलं पोटॅशियम परत बाहेर येतं आणि वरून आपण घातलेलंही असतं. खरंच द्यायचं असेल तर साध्या शिरेतून तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या वर नको, ईसीजी चालू ठेवून. पंधरा टक्क्यांच्या १० सीसी अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतात. ती अँप्युल ओटीच्या ट्रेमध्ये डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी ठेवू नका. आमच्याकडे ती वेगळ्या, लाल पट्टी लावलेल्या डब्यात असते आणि दोघांनी नाव मोठ्याने वाचल्याशिवाय फोडली जात नाही.

रिकव्हरीत

१९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी भारतात पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. आज ते ऑपरेशन तालुक्याच्या गावी रोज होतं, पण त्या गावात रिकव्हरीमध्ये ईटीसीओटू मोजणारा कॅप्नोग्राफ क्वचितच असतो. ऑक्सिजन लावलेल्या पेशंटचं सॅच्युरेशन ९९ दिसतं आणि आत कार्बन डायऑक्साइड ७० असू शकतो. म्हणून एम्फिसेमा झालेला, श्वसनविकाराचा, किंवा फेंटानिल जास्त गेलेला पेशंट असेल तर मी आकड्यांपेक्षा माणसाकडे बघते: हाक मारल्यावर किती वेळाने डोळे उघडतो, मिनिटाला श्वास किती, तळहात गरम आणि घामट आहेत का. सिस्टरला सांगून ठेवते, "झोपलाय म्हणून शांत आहे असं समजू नका, दर दहा मिनिटांनी नाव घेऊन उठवा."

त्या काकांना आम्ही दोन तास रिकव्हरीत ठेवलं. सिस्टरने दर दहा मिनिटांनी हाक मारली आणि चौथ्या वेळी ते वैतागून म्हणाले, "अगं पोरी, जागाच आहे मी." रात्री नऊला परत जाऊन मानेवर हात लावला, कुरकुर होती, पण श्वास मोकळा होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती कॉलरबोनच्या खाली उतरली, तिसऱ्या दिवशी बोटाला काही लागलं नाही. घरी जाण्याआधी पाठवलेलं पोटॅशियम ४.१ आलं, आणि त्या वेळी सिस्टरने सुई काढून, झाकण उघडून बाटली भरली होती.